माळढोकाच्या छत्राखाली न मावणारा तणमोर

माळरानावरील पक्ष्यांविषयी महाराष्ट्रात जे लिहिले आणि बोलले जाते, त्यात एक विधान इतक्या सहजपणे येऊन जाते की ते तपासून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. माळढोक वाचवला की माळ वाचतो, आणि माळ वाचला की तणमोरासह तिथले बाकीचे पक्षी आपोआप वाचतात, असे ते विधान आहे. निसर्गसंवर्धनाच्या शास्त्रात यामागील कल्पनेला ‘छत्र-जाती’ची कल्पना म्हणतात. ज्या प्राण्याला विस्तीर्ण अधिवास लागतो त्याच्यासाठी क्षेत्र राखले, तर कमी जागेत भागणाऱ्या इतर अनेक जाती त्याच क्षेत्रात सुखाने नांदतात, असा तिचा आशय. वाघाच्या जंगलांत ही कल्पना पुष्कळ अंशी उतरली, म्हणून तिला प्रतिष्ठा मिळाली. परंतु जंगलातली प्रतिष्ठा माळावर जशीच्या तशी आणून ठेवली म्हणजे ती तिथेही टिकेलच असे नाही. माळढोक आणि तणमोर या दोन पक्ष्यांचे वर्गीकरण, त्यांचा भौगोलिक विस्तार आणि त्यांच्यावरील संकटाचे स्वरूप एकत्र मांडून पाहिले, तर हे छत्र तणमोराच्या डोक्यावर येतच नाही असे दिसते.

या विधानाला एक शेपूटही आहे आणि ते मूळ विधानाहून अधिक घातक आहे. जिथे माळढोक नाही तिथला माळ राखण्याचे कारण नाही, असे ते शेपूट सांगते. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्गच्या शेजारी वसलेले अणदूर आणि त्याच्या भोवतीची गावे या तर्काच्या कचाट्यात नेमकी सापडतात. नान्नजचे माळढोक अभयारण्य शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात आहे; धाराशिव जिल्ह्याचे स्वतःचे येडशी-रामलिंग घाट अभयारण्य डोंगरउतारावरच्या झाडीचे आहे, उघड्या माळाचे नव्हे. तेव्हा अणदूरच्या बाजूचे मुरमाड, हलक्या मातीचे, कुसळी गवताचे माळ कोणत्याच नकाशावर पक्ष्यांसाठी म्हणून रंगवलेले नाहीत. जो माळ नकाशावर रिकामा दिसतो तो प्रत्यक्षातही रिकामाच असतो, असा समज कार्यालयांत लवकर रुजतो, आणि मग सौर पटल, पवनचक्की किंवा वृक्षलागवडीचे खड्डे यांपैकी जे आधी येईल त्याला जागा मिळते.

वर्गीकरणापासून सुरुवात करावी लागते, कारण ‘तणमोर म्हणजे धाकटा माळढोक’ हा समज तिथूनच निघतो. दोन्ही पक्षी ओटिडिडी या एकाच कुलातले आहेत. कुल म्हणजे वर्गीकरणातील ती पायरी, जिच्यात परस्परांशी नाते असलेल्या अनेक प्रजाती एकत्र येतात. प्रजाती म्हणजे अगदी जवळच्या जातींचा गट. आणि जाती म्हणजे आपसांत प्रजनन करणाऱ्या जीवांचा समूह. या कुलात जगभरात सुमारे २६ जाती असून त्यांतल्या बहुसंख्य आफ्रिकेत आहेत. एकेकाळी या कुलाची गणना क्रौंचांबरोबर एकाच गणात होत असे. जनुकीय अभ्यासानंतर त्याला ओटिडिफॉर्मिस हा स्वतंत्र गण देण्यात आला. कुलाची समान लक्षणे महत्त्वाची आहेत आणि पुढे ती कामालाही येणार आहेत: या पक्ष्यांच्या पायाला मागचे बोट नसते, त्यामुळे त्यांना फांदी धरून बसता येत नाही, आणि पिसांना तेल लावण्यासाठी बहुतेक पक्ष्यांच्या शेपटीच्या मुळाशी जी ग्रंथी असते तीही यांना नसते. हे जन्मभर जमिनीवर राहणारे पक्षी आहेत.

एवढे साम्य मान्य केल्यावर फरकाकडे यावे लागते. माळढोकाचे शास्त्रीय नाव आर्डिओटिस नायग्रिसेप्स असे असून १८३१ मध्ये व्हिगर्सने त्याचे वर्णन केले. आर्डिओटिस प्रजातीत चार जाती आहेत आणि माळढोकाची सख्खी भावंडे भारतात नाहीतच: एक अरबस्तानाचा नैऋत्य भाग आणि आफ्रिकेतील साहेल पट्ट्यात, एक पूर्व व दक्षिण आफ्रिकेत, एक ऑस्ट्रेलियात. तणमोराचे नाव सायफिओटायडीस इंडिकस. त्याचे वर्णन माळढोकाच्या जवळजवळ अर्धशतक आधी, १७८२ मध्ये मिलरने केले होते, आणि त्याच्या प्रजातीत तो एकटाच आहे. त्याचा जवळचा मानला जाणारा बंगाल तणमोरदेखील वेगळ्या प्रजातीत मोडतो आणि हिमालयाच्या पायथ्याचे ओलसर गवताळ प्रदेश, आसाम आणि कंबोडिया येथे आढळतो. भारतात नियमित आढळणाऱ्या या कुलातील चार पक्ष्यांची चार वेगवेगळ्या प्रजातींत विभागणी होते, ही गोष्ट ‘एकाच घरातले थोरले-धाकटे’ ही भाषा किती सैल आहे ते दाखवण्यास पुरेशी आहे. तणमोर नष्ट झाला तर केवळ एक जाती जाणार नाही, एक संपूर्ण प्रजाती जगातून जाईल. आणि त्या हानीची भरपाई माळढोकांची संख्या वाढल्याने होणार नाही.

याला कोणी पुस्तकी भेद म्हणेल. पण हा भेद शरीरात आणि आयुष्याच्या रचनेत उतरलेला आहे. माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतील जगातल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. नराची उंची सुमारे एक मीटर, वजन साधारण ८ ते १४ किलो, आणि मादी त्याच्या निम्म्याच्या आसपास. तणमोराचा नर जेमतेम अर्ध्या किलोचा असतो, आणि इथे प्रमाण उलटे होते: मादी नरापेक्षा मोठी, पाऊण किलोच्या घरात. माळढोकाचा नर गळ्याखालची पिशवी फुगवून, शेपटी पाठीवर उलटी टाकून दूरवर ऐकू जाणारा घुमारा काढतो आणि त्यासाठी त्याला चारी बाजूंनी मोकळी, नजर जाईल तिथपर्यंत उघडी जागा लागते. तणमोराचा नर पावसाळ्यात काळ्या-पांढऱ्या पिसाऱ्यात येतो, त्याच्या डोक्यामागे टोकाला चमच्यासारखी रुंद झालेली लांब पिसे फुटतात, आणि गवतात बुडालेला तो पक्षी मादीला दिसावा म्हणून हवेत उसळ्या घेतो. एका दिवसात पाचशेपर्यंत उसळ्या नोंदल्या गेल्या आहेत. त्याला गुडघ्याच्या वर गेलेले गवत हवे असते. गवत नसेल तर उसळीला अर्थ नाही, आणि फार उंच झाले तर उसळी दिसत नाही. ज्या गवतात तणमोर नाचतो तिथे माळढोकाच्या नराला आपला घुमारा मांडणे अवघड जाते. म्हणजे ‘माळ’ या एका नावाखाली दोन वेगळ्या उंचीची, दोन वेगळ्या ऋतूंची घरे आहेत.

सर्वांत मोठा फरक मात्र अंड्यांत आहे, आणि छत्राच्या कल्पनेचे समर्थक नेमके त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. माळढोकाची मादी एका विणीत बहुधा एकच अंडे घालते, वयात यायला काही वर्षे घेते आणि दीर्घायुषी असते. अशा जातीचे गणित मोठ्या पक्ष्यांच्या जगण्यावर चालते. एक प्रौढ मादी तारेला धडकून मेली तर अनेक वर्षांची वीण तिच्याबरोबर जाते. तणमोराची मादी तीन-चार अंडी घालते, तिचे आयुष्य तुलनेने लहान असते, आणि तिचे गणित त्या त्या पावसाळ्यात घरटे यशस्वी झाले की नाही यावर ठरते. आकडे याला दुजोरा देतात. तणमोरांची संख्या १९८२ मध्ये ४,३७४ अंदाजली गेली होती; १९८९ मध्ये ती १,६७२ वर आली; आणि मधली काही वर्षे पाऊस बरा झाल्यावर १९९४ मध्ये ती २,२०६ वर गेली. रवी शंकरन यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या काळात गवताळ प्रदेश पायाखाली घालून मिळवलेल्या या नोंदी माळढोकाच्या नोंदींशेजारी ठेवाव्यात. पक्षिअभ्यासक धर्मकुमारसिंहजींनी १९६९ मध्ये १,२६० माळढोक अंदाजले होते. त्यानंतरचा प्रत्येक अंदाज आधीच्या अंदाजाहून कमी आहे, आणि आज भारतात ते दीडशेच्याही आत आहेत. एका रेषेत चढ-उतार आहेत, दुसरी फक्त उतरते. पहिली जाती अनुकूल ऋतू मिळाला तर सावरू शकते. दुसरीला अनुकूल ऋतू पुरत नाही, तिला वर्षानुवर्षे अपघाती मृत्यूंपासून सुटका लागते. या दोहोंसाठी एकच उपाय सांगणारा वैद्य नाडी न पाहताच चिठ्ठी लिहीत असतो.

आता धोक्याच्या वर्गवारीकडे वळावे, कारण प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम वाटणारा मुद्दा तिथे आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघ, म्हणजे आययूसीएन, जगातील जातींची ‘लाल यादी’ ठेवतो आणि नष्ट होण्याच्या जोखमीनुसार त्यांना श्रेणी देतो. माळढोकाला २०११ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ ही श्रेणी मिळाली, जिच्यापुढे केवळ ‘वन्य स्थितीत नामशेष’ आणि ‘नामशेष’ एवढ्याच पायऱ्या राहतात. तणमोर आणखी दहा वर्षे ‘संकटग्रस्त’ या त्याअलीकडच्या श्रेणीत राहिला आणि २०२१ मध्ये तोही अतिसंकटग्रस्त ठरला. दोघेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. केंद्र शासनाच्या पुनरुज्जीवन कार्यक्रमाच्या यादीत तर ‘तणमोरांसह माळढोक’ अशी एकच नोंद आहे. श्रेणी एक, अनुसूची एक, यादीतली ओळही एक. मग उपाय वेगळे का, असा प्रश्न विचारला जातो.

त्याचे उत्तर श्रेणी कशी ठरते यात आहे. ‘अतिसंकटग्रस्त’ श्रेणीत पोहोचण्याच्या वाटा अनेक आहेत. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, संख्या ८० टक्के वा अधिक घटली ही एक वाट. प्रौढ पक्षी २५० पेक्षा कमी उरले आणि तेही घटत आहेत ही दुसरी. प्रौढांची संख्या ५० च्या आत गेली ही तिसरी. शिवाय तीन पिढ्या म्हणजे माळढोकासाठी काही दशके होतात आणि तणमोरासाठी त्याहून पुष्कळच कमी वर्षे. श्रेणी संकटाची तीव्रता सांगते, संकटाचे कारण सांगत नाही, आणि ते सांगण्यासाठी ती बनवलेलीही नाही. एकाच अतिदक्षता कक्षातल्या दोघांना एकच औषध देण्याचा आग्रह जितका हास्यास्पद, तितकाच एका श्रेणीवरून एकच योजना काढण्याचा आग्रह. दरम्यानच्या दहा वर्षांचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. माळढोकाकडे सगळ्यांचे डोळे लागले होते त्याच दशकात तणमोर एक पायरी खाली उतरला. छत्र जर खरोखर काम करीत असते, तर हे घडायचे कारण नव्हते.

न्यायालयीन लढ्याचा इतिहास हेच दाखवतो. वन्यजीव संवर्धक एम. के. रणजितसिंह आणि इतरांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जी याचिका दाखल केली ती माळढोक आणि तणमोर या दोन्ही पक्ष्यांसाठी होती. १९ एप्रिल २०२१ च्या आदेशात राजस्थान आणि गुजरातमधील माळढोकांच्या क्षेत्रांत वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याचे निर्देश आले. २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरवरचे ते सरसकट बंधन मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली. पाच वर्षांच्या या चर्चेचा सारा भर उच्चदाबाच्या तारांवर आणि थरच्या वाळवंटावर राहिला, कारण माळढोकाचे संकट तिथे आणि तसेच आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासानुसार थरमध्ये तारांना धडकून वर्षाला सुमारे १८ माळढोक मरत असावेत. शंभर-सव्वाशेच्या समूहातून १८ जाणे म्हणजे समूह संपणे. हा पक्षी जड असल्याने त्याला ऐनवेळी वळता येत नाही, आणि त्याच्या आफ्रिकी भावंडाच्या डोळ्यांच्या अभ्यासातून असे दिसले आहे की उडताना जमिनीकडे पाहण्यासाठी मान झुकवली की समोरचा भाग त्याच्या नजरेतून निसटतो. तणमोराला तारेचा धोका नाही असे म्हणता येणार नाही. पण त्याच्या वाताहतीचे मुख्य कारण पावसाळ्यातल्या गवताचे आणि पिकांचे जे झाले ते आहे, आणि ते कोणत्याही विद्युतवाहिनीच्या नकाशात दिसत नाही. याचिकेत नाव दोघांचे होते, वाद एकाचाच झाला.

यानंतर विस्ताराचा प्रश्न येतो आणि अणदूरचा संबंधही इथेच येतो. माळढोक एकेकाळी पंजाबच्या मैदानापासून दख्खनच्या दक्षिण टोकापर्यंत आणि आजच्या पाकिस्तानात सिंध-चोलिस्तानपर्यंत होता. आज त्याची जननक्षम वस्ती जवळजवळ राजस्थानातील जैसलमेर परिसरापुरती उरली असून कच्छ, महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश येथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पक्षी राहिले आहेत. तो ऋतूनुसार थोडाफार भटकतो, पण त्याचे घर आणि त्याची भटकंती एकाच कोरड्या पट्ट्यात असते. त्याच्यासाठी राखीव क्षेत्र या कल्पनेला अर्थ आहे. क्षेत्र पुरेसे मोठे आणि तारांपासून मुक्त असेल तर तिथे तो वर्षभर सुरक्षित राहू शकतो.

तणमोराचे तसे नाही. पावसाळ्यात तो राजस्थानातील अजमेर-शाहपुरा भाग, सौराष्ट्रातील वेळावदर, मध्य प्रदेशातील सैलाना आणि सरदारपूर, आणि महाराष्ट्रात अकोला-वाशीमकडील गवताळ तुकडे अशा विखुरलेल्या जागी वीण घालतो. पाऊस सरला की नर आपला काळा पोशाख टाकतो, मादीसारखा मातकट होतो आणि तिथून निघून जातो. अजमेर परिसरात उपग्रह-यंत्र बसवलेल्या एका तणमोराचा मार्ग महाराष्ट्राच्या पठारापर्यंत आल्याचे नोंदले गेले आहे. जुन्या पक्षिशास्त्रीय ग्रंथांत नाशिक, अहमदनगर आणि सोलापूर हे जिल्हे त्याच्या विणीच्या प्रदेशात गणलेले आढळतात. सोलापूरचा माळ जिल्ह्याच्या सीमेवर थांबत नाही. सोलापूरजवळच्या बोरामणीवरून नळदुर्गकडे येणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा तोच मुरूम, तेच तरवड, बोर आणि हिवर, तीच पवन्या आणि कुसळी पुढे चालू राहते. अणदूरच्या रहिवाशांना दोन घरांचा हा हिशेब परका वाटू नये, कारण त्यांच्या खंडोबाची मूर्ती वर्षातील सुमारे पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात आणि उरलेला काळ अणदूरच्या मंदिरात असते, आणि देव एका देवळात असताना दुसरे देऊळ मोडून टाकावे असे दोन्ही गावांत कोणी म्हणत नाही.

याच्याशी जोडलेला आक्षेप असा की, अणदूरच्या बाजूला तणमोर कोणी पाहिला आहे, आणि पाहिला नसेल तर त्याच्या नावाने माळ अडवून धरण्यात काय अर्थ. हा आक्षेप व्यवहारी वाटतो, पण तो पक्षी कसा मोजला जातो याकडे पाठ फिरवतो. मीटरभर उंचीचा माळढोक उघड्या माळावर चालताना गुराख्यालाही लांबून दिसतो; तो नाही म्हणजे बहुधा खरोखर नाही. तणमोराची गणना उसळ्या घेणाऱ्या नरांवरूनच होते, म्हणजे फक्त पावसाळ्यात, फक्त विणीच्या जागी आणि फक्त नरांची. मादीचा हिशेब अंदाजाने धरावा लागतो. विणीबाहेरच्या आठ-नऊ महिन्यांत हा कोंबडीएवढ्या आकाराचा मातकट पक्षी तुरीच्या किंवा ज्वारीच्या धाटांत पाऊलभर अंतरावर असला तरी दिसेलच असे नाही. दोन्ही पक्ष्यांच्या ‘न दिसण्या’ला सारखेच वजन देणे हा पुराव्याचा गैरवापर होय. अणदूरच्या माळावर तणमोर आहेच, असे म्हणण्याची यासाठी गरज नाही; ‘दिसत नाही’ या आधारावर तो माळ त्याच्या विस्तारातून खोडून टाकता येत नाही, एवढेच म्हणणे पुरते.

छत्राच्या समर्थकांच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. पैसा आणि मनुष्यबळ थोडे असते, लोकांचे लक्ष एका वेळी एकाच प्राण्यावर टिकते, आणि माळढोकासारखा देखणा, सलीम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून सुचवलेला उमेदवार असताना त्याच्या नावाने मिळालेला निधी माळाच्याच कामी येतो. यात तथ्य आहे. नान्नजला तर दुष्काळप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली कुंपण घालून राखलेल्या गवताच्या तुकड्यांचा माळढोकाला १९७० च्या दशकात फायदाच झाला. पण त्याच प्रदेशाचा पुढचा इतिहास विसरता येणार नाही. राखलेल्या माळावर गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली, माळाचा उघडेपणा गेला, आणि ती झाडे पुढे काढावी लागली. ज्या पक्ष्याला फांदीवर बसताच येत नाही त्याच्यासाठी झाडे लावण्याचा हा उपक्रम होता. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले, त्यात शेते, गावे, बाजारपेठा सारे आले, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि माळढोक हा शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी तक्रारीचा झाला. तीन दशकांनी ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत आणावे लागले, आणि तोवर माळढोक जवळजवळ संपला होता. मध्य प्रदेशातील करेरा अभयारण्यही १९८१ मध्ये माळढोकासाठीच घोषित झाले, आणि पुढच्या दशकात तिथला माळढोक नाहीसा झाला. जे छत्र स्वतःच्या धन्याला झाकू शकले नाही, त्याच्याखाली दुसऱ्या जातीला बोलावण्यात अर्थ काय?

माळढोकापुरता मार्ग आज बऱ्यापैकी स्पष्ट झालेला आहे. २०१९ पासून जैसलमेर जिल्ह्यातील सम येथे माळावरची अंडी उचलून कृत्रिम उबवणीने पिले वाढवण्याचे काम सुरू झाले, रामदेवरा येथे दुसरे केंद्र झाले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून माळढोकाचे पिल्लू जन्मले. ही कामे खर्चिक आहेत आणि ती त्या पक्ष्याच्या हळू चालणाऱ्या आयुष्यगणिताला साजेशी आहेत. तणमोरासाठी मात्र कामाची जागा प्रामुख्याने शेताच्या बांधावर आहे. राजस्थानात तो ज्वारी-मुगाच्या उभ्या पिकांत वीण घालताना आढळला आहे. मध्य प्रदेशात सैलाना परिसरात शेतात तणमोर आल्याची खबर देणाऱ्या आणि घरट्याला धक्का न लावणाऱ्या शेतकऱ्यांना वनविभाग बक्षीस देत आला आहे. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ ही संस्था फासेपारधी समाजाबरोबर गवताळ तुकडे राखण्याचे काम करते, आणि ज्यांच्या पूर्वजांना या पक्ष्याच्या प्रत्येक हालचालीची माहिती शिकारीपोटी होती त्यांचेच ज्ञान तिथे आता राखणीच्या बाजूला आले आहे. या दोन्ही उपायांत अभयारण्याची अधिसूचना कुठेच लागत नाही. आषाढ ते भाद्रपद या तीन महिन्यांत गवत कधी कापले, फवारणी कधी झाली, कुत्री कुठे मोकाट सुटली, यांवर ते चालतात. मराठवाड्यात खरिपाची ज्वारी, मूग आणि बाजरी मागे सरून सोयाबीन पसरले. वीण घालण्याच्या ऐन काळात होणारी कीटकनाशकांची फवारणी घरट्यावर जेवढी पडते तेवढीच पिलांच्या अन्नावरही पडते, कारण पिले टोळ आणि किड्यांवरच वाढतात.

म्हणून अणदूरसारख्या गावाचा प्रश्न माळढोकाच्या पुनरागमनाशी बांधून ठेवणे चुकीचे आहे. माळढोक त्या बाजूला परत येईल की नाही याचा निर्णय जैसलमेरच्या उबवणी केंद्रात आणि वीजवाहिन्यांच्या आराखड्यात होणार, आणि तो लवकर होणारा नाही. तोवर गायरानांचे काय होते हा प्रश्न मात्र आजचा आहे. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या पडीक भूमीच्या नकाशासंग्रहात गवताळ प्रदेशांचे मोठे तुकडे ‘पडीक’ म्हणून दाखल आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौर प्रकल्पांसाठी गायरान जमिनी दिल्या जात आहेत. धाराशिव जिल्ह्याच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहत आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी ही मागणी खोटी नाही, आणि कोणत्याही पक्ष्याच्या नावाने ती मोडीत काढणे हा शहरी उद्दामपणा ठरेल. पण अशा प्रकल्पाच्या छाननीत ‘इथे माळढोक आढळत नाही, सबब पक्ष्यांस बाधा नाही’ असे जे वाक्य सरावाने लिहिले जाते, ते तणमोराविषयी काहीच सांगत नाही. माळढोकाला बाधा होते ती मुख्यतः प्रकल्पातून बाहेर जाणाऱ्या तारेची. तणमोराला बाधा होते ती पटलांखाली गेलेल्या गवताची. तारा जमिनीखाली घातल्याने पहिली बाधा दूर होते, दुसरी तशीच राहते. दोन जातींसाठी दोन वेगळे प्रश्न विचारले जात नाहीत तोवर छाननी अर्धीच झालेली असते.

हे प्रश्न विचारण्याची जागा नव्याने निर्माण करावी लागत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये ग्रामपंचायत पातळीवर समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. अशा नोंदवहीत माळढोक आणि तणमोर यांना एका ओळीत न बसवता दोन ओळी द्याव्यात, आणि तणमोराच्या ओळीत महिन्यांचा रकाना ठेवावा: जून ते सप्टेंबर उंच गवत कोणत्या गटात उभे असते, ते कोण कापतो आणि कधी, शेजारच्या शेतात कोणते पीक असते, आणि पाऊस सरल्यावर तुरीत अथवा ज्वारीत कोंबडीएवढा मातकट पक्षी दबून उडताना कोणाला दिसला का. गायरानाचा एखादा गट प्रकल्पाला देण्याचा ठराव ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा उंच गवताचा गट आणि खडकाळ, गवत न धरणारा गट यांतला फरक त्या रकान्यातून वाचता येईल, आणि पटले कोणत्या गटावर जावीत हे ठरवताना अभयारण्याच्या सीमेचा किंवा माळढोकाच्या शिरगणतीचा आधार घ्यावा लागणार नाही.